अंगाला विचारून

माझा डावा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. नऊ वर्षांचा होतो, अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावी चिंचेवरून पडलो. कोपर सुजून टम्म झाला. घरच्यांनी मला हाड बसवणाऱ्या एका जाणत्या माणसाकडे नेलं. त्यानं गरम तेल घेऊन तो सुजलेला कोपर आठ-दहा दिवस रोज दाबून दाबून चोळला. मी ओरडायचो, दोघं जण मला धरून ठेवायचे. सूज उतरली, दुखणं थांबलं, पण हात तिथंच अडकला. बऱ्याच वर्षांनी अमरावतीला फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं: सांध्यापुढच्या स्नायूत नको तिथं हाड धरलं होतं. कोपराला मार लागल्यावर जोरानं मालीश केली की असं होऊ शकतं, हे अस्थिरोगाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. आमच्या गावात मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच घरात, त्याच वर्षी, माझी धाकटी बहीण जन्मली. तिला आणि आईला न्हाऊ घालायला गल्लीतली एक मावशी यायची. तिच्या हाताखाली ते चिमुकलं अंग दिवसागणिक भरत गेलं, गाढ झोपू लागलं. आईची कंबरही तिच्याच हातानं मोकळी झाली. तेल तेच होतं, घाण्यावरून आणलेलं तिळाचं. हात वेगळे होते.

हे पुस्तक त्या दोन हातांमुळे लिहिलं. मालिशीच्या किती तरी पद्धती पुढच्या पानांत येतील. वाचकानं त्या वाचताना एकच प्रश्न सोबत ठेवावा अशी माझी इच्छा आहे: चोळणारा हात अंगाला विचारून चालतो आहे की अंगावर चालून जातो आहे?

हा शब्दप्रयोग माझा नाही, मावशीचा आहे. ती न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब करायची आणि नडग्यांच्या पन्हाळीत बहिणीला निजवायची. तेलाची वाटी ऊन पाण्यात ठेवलेली. दोन थेंब आधी स्वतःच्या मनगटावर, आतल्या बाजूला. मग तळहात एकमेकांवर घासून ऊन करायची आणि तेव्हाच बाळाला हात लावायची. सुरुवात पायापासून. तळवे, घोटे, पोटऱ्या, मांड्या, मग बेंबीभोवती गोल, मग छाती, मग दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन पुन्हा मोकळे. पालथं घालून पाठ शेवटी. मधेच बाळानं अंग आखडलं किंवा तोंड वाकडं केलं की तिचा हात जागच्या जागी थांबायचा, उचलायचा नाही, नुसता टेकलेला राहायचा. बाळ सैल झालं की पुन्हा चालू. मी उंबऱ्यात बसून पाहायचो. एकदा विचारलं, मावशी, तुला कसं कळतं कुठं थांबायचं? ती म्हणाली, "लेकराच्या आंगाले इचारून इचारून चोळा लागते, बाप्पा. थे नाई म्हनते तं थांबा."

आज तान्ह्या बाळाच्या मालिशीवर जे काही शास्त्रीय काम झालं आहे ते वाचताना मला ही न्हाणी आठवते. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालीश दिली. त्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं. आपल्याकडे दिल्लीत १२५ तान्ह्या बाळांवर चार आठवडे अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळी तेलं वापरून पाहिली, त्यात तिळाच्या तेलानं चोळलेल्या बाळांची वाढ उजवी ठरली आणि मालिशीनंतर झोपही चांगली लागली. उत्तरेकडे सर्रास वापरलं जाणारं मोहरीचं तेल नाजूक त्वचेला बाधू शकतं, असंही पुढच्या संशोधनातून दिसलं. तीळ, करडई, जवस ही आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीची पिकं. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळासाठी तिळाचं तेल निवडलं ते काही अभ्यास वाचून नाही, पण निवड बरोबर होती.

त्याच न्हाणीतल्या काही गोष्टी मात्र सोडल्याच पाहिजेत, आणि हे मी मावशीबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत दाबणं, डोकं गोल व्हावं म्हणून कवटी दाबणं, कानात-नाकात तेलाचे थेंब सोडणं, मुलीच्या छातीतून "दूध काढणं" यांपैकी कशाचाही उपयोग नाही आणि प्रत्येकात अपाय आहे. कानात जंतू वाढतात, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं, छातीत गळू होतं.

आता शब्दांकडे वळतो, कारण मालीश या एका शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. जुन्या वैद्यकात त्यांना स्वतंत्र नावं होती. तेल लावून केसांच्या दिशेनं हात फिरवणं म्हणजे अभ्यंग. जोर देऊन रगडणं म्हणजे मर्दन. हातपाय हलके चेपणं म्हणजे संवाहन. सासूचे, आजीचे पाय चेपतात ते हेच. कोरड्या चूर्णानं उलट्या दिशेनं घासणं म्हणजे उद्वर्तन, आणि दिवाळीच्या पहाटेचं आपलं उटणं या शब्दातूनच आलं. पायानं तुडवून मालीश करणं म्हणजे पादाघात. केरळातल्या कळरी नावाच्या आखाड्यात दोराला धरून पायानं करतात ती मालीश याच कुळातली. दुखणारी पाठ मर्दन मागते की संवाहन, हे न पाहता सगळ्यांना एकच रगडा देणारा माणूस त्या शब्दांइतकाही जाणता नाही असं मी म्हणेन.

चरकानं अभ्यंगाला दिलेली उपमा वऱ्हाडी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तेल पाजलेलं मडकं, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसे टिकतात, तसं तेल लावलेलं शरीर टिकतं, असा त्याचा आशय. बैलगाडीचा आस कोरडा पडला की शिवारातून येणारी ती करकर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना कोरडे गुडघे लगेच कळतात. वाग्भटानं अभ्यंग रोज करावा असं सांगितलं, विशेषतः डोकं, कान आणि तळपाय यांना. सोबत कधी करू नये तेही सांगितलं: कफ वाढलेला असताना, अजीर्ण असताना, शोधनाचे उपचार झाल्या झाल्या. गुणांच्या यादीच्या शेजारी वर्ज्य गोष्टींची यादी ठेवणारा हा वैद्य मला आजच्या पुष्कळ जाहिरातींपेक्षा प्रामाणिक वाटतो.

सुश्रुताचा टीकाकार डल्हण याच्याकडे एक विलक्षण हिशेब आहे. तेल केसांच्या मुळाशी पोचायला ३०० मात्रा, त्वचेत ४००, रक्तात ५००, आणि असं करत मज्जेपर्यंत ९०० मात्रा. मात्रा म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याएवढा काळ. तेल हाडामज्जेपर्यंत जात नाही, ते त्वचेच्या वरच्या थरांतच राहतं, हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही मला हा हिशेब टाकून द्यावासा वाटत नाही. प्रत्येक जागी इतका वेळ द्या, घाई करू नका, हे एका वैद्यानं मोजमापात बांधून ठेवलं आहे. आणि घाई न करण्याचं कारण आता वेगळ्या वाटेनं सापडलं आहे. आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की ते सावकाश फिरणाऱ्या हातालाच नीट प्रतिसाद देतात. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी तो वेग मोजला: सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर, सगळ्यांत चांगला तीनच्या आसपास. म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत यायला हातानं सात-आठ सेकंद घ्यायचे. स्वतःच्या हातावर करून पाहा. घड्याळ न लावता मावशी याच वेगानं चालायची. स्पर्श आणि दाब पेशीला कळतो तरी कसा, या शोधाला २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, इतका हा विषय आता मध्यावर आला आहे.

न्हाणीतून निघून आता अमरावतीच्या आखाड्यात जाऊ. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत वैद्य यांनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ करून दाखवले. वऱ्हाडातल्या गावागावांत ज्या तालमी होत्या, तिथं मालीश हा मेहनतीचाच भाग असायचा. जोर-बैठका झाल्या, माती अंगाला लागली, की दोघं दोघं बसून एकमेकांचं अंग रगडायचे. आज मी तुझं, उद्या तू माझं. इथं पैशाचा व्यवहार नव्हता आणि जातीपातीचं सोवळंही फार काळ टिकत नव्हतं, कारण ज्याच्या हातात तुमची मान असते त्याला तुम्ही दूर ठेवू शकत नाही. पैलवानी मालीश कडक असते: तळहाताची टाच, कोपर, कधी गुडघा. पण जाणता वस्ताद सांध्यावर कधी दाब देत नाही, सांध्याभोवती गोल फिरतो आणि दाब मांसावर देतो. माझ्या कोपरावर बसलेल्या माणसानं हे एवढंच पाळलं असतं तरी पुरे होतं.

ज्या काळात आपल्याकडे तालमी रगडत होत्या, त्या काळात युरोपात मालीश शाळेत बसली. पेर हेन्रिक लिंग यानं १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली, आणि पुढे ॲम्स्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरानं हाताच्या हालचाली नीट वेगळ्या करून त्यांची मांडणी केली. आज पार्लरच्या पाटीवर दिसणारी "स्वीडिश मसाज" म्हणजे या दोघांची संमिश्र पुण्याई. तिच्या पाच हालचालींना मराठीत नवे शब्द शोधायची गरज नाही: कुरवाळणं, मळणं, घासणं, थोपटणं, थरथरवणं. यांतली प्रत्येक क्रिया आपल्या स्वयंपाकघरात आणि पाळण्याशी रोज चालते. युरोपात हात हृदयाच्या दिशेनं जातो आणि आपला अभ्यंग केसांच्या दिशेनं उतरतो, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा. उलट बाजूनं गेलेलं एक उदाहरणही सांगायला हवं. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला आपली चंपी नेली आणि राजा चौथा जॉर्ज याच्यापर्यंत पोचवली. शांपू हा शब्द त्या चांपण्यातून आलेला आहे.

खेळाडूंमध्ये पसरलेला एक समज इथंच दूर करतो. मालिशीमुळे स्नायूंत साचलेलं लॅक्टिक आम्ल "निघून जातं" असं प्रशिक्षकही सांगतात. ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात आपसूक कमी होतं, त्याला कुणाच्या हाताची गरज नसते. मालिशीनं दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थोडं कमी होतं, सांधे मोकळे वाटतात, झोप लागते आणि पुन्हा मैदानात उतरायचं मन होतं. हे फायदे खरे आहेत आणि तेवढ्यानं मालिशीचं मोल कमी होत नाही.

अमरावतीचं नाव घेतल्यावर तपोवनाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ही वस्ती उभी केली. लोक ज्यांची सावली टाळत होते, त्यांच्या जखमा धुणारे हात त्या माळावर तयार झाले. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात, घाम येणं थांबतं, तळवे-तळहात कोरडे पडून भेगाळतात. भेगेतून जखम होते, आणि दुखत नसल्यानं ती कळतच नाही. त्यावरचा रोजचा उपाय अगदी साधा आहे: हातपाय वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, घट्टे खरबरीत दगडानं हलके घासायचे, आणि त्वचा ओली असतानाच तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत टिकून राहतं. वळत चाललेली बोटं मांडीवर ठेवून, तेलाच्या हातानं एकेक सरळ करत राहायची, म्हणजे ती ताठ होऊन बसत नाहीत. या मालिशीत ज्याला चोळतात त्याला स्पर्श कळत नाही. तो डोळ्यांनी पाहत पाहत स्वतःच्या हाताला विचारतो. सगळ्या प्रकारच्या मालिशींत मला ही सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्यासाठी कुणी पाटी लावत नाही.

मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसालाही हेच लागू पडतं, आणि असे पाय आता प्रत्येक घरात आहेत. तेल लावा, पण ऊन तेल नको, शेक तर मुळीच नको, आणि बोटांच्या बेचक्यांत तेल ठेवू नका. विदर्भात हत्तीपायाचा त्रासही जुना आहे. त्या सुजेवर जोरानं रगडणं चुकीचं. रोज धुणं, पाय उंच ठेवणं, हलका व्यायाम आणि गरज पडली तर शिकलेल्या हाताकडून अगदी हलकी मालीश, एवढंच करावं. त्या हलक्या मालिशीची पद्धत डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात बसवली. तिच्यात दाब इतका कमी असतो की पाहणाऱ्याला वाटावं, काहीच चाललेलं नाही.

जगातल्या इतर पद्धतींचा धावता उल्लेख इथं पुरेसा आहे, कारण त्यांची प्रकरणं पुढं आहेतच. थायलंडची मालीश कपड्यांवरून, तेलाशिवाय, अंग ताणत ताणत करतात. ती परंपरा बुद्धाचा वैद्य जीवक याला आपला मूळपुरुष मानते आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं तिला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्यानं अंधांसाठी शाळा काढल्या, आणि मालीश हा तिथं अंधांचा मानाचा व्यवसाय झाला. आपल्याकडे अंधांच्या बोटांवर असा विश्वास आपण अजून पुरेसा टाकलेला नाही, याची मला खंत आहे.

आता ज्यांच्यासाठी हा विषय खरा निकडीचा आहे त्यांच्याबद्दल. दसरा-दिवाळीपासून आमच्याकडे कापूस वेचणी लागते. बाया सकाळी ओटी बांधून पऱ्हाटीत शिरतात आणि दिवसभर वाकून वेचतात. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरतात, कमरेला ओझं वाढत जातं, मजुरी किलोवर. संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी, पाणी, भांडी. यांच्या कमरेला मालीश मिळत नाही. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेवर मालिशीचा उपयोग होतो का, हे २०१५ मध्ये २५ चाचण्या एकत्र करून तपासलं गेलं. निष्कर्ष असा की थोड्या काळापुरता आराम पडतो, पुरावा फार भक्कम नाही, मोठा अपाय दिसला नाही. कुणी "कायमचा इलाज" म्हणून पैसे मागत असेल तर हे ध्यानात ठेवावं. पण थोड्या काळाचा आराम म्हणजे ज्या बाईला उद्या पुन्हा पऱ्हाटीत उतरायचं आहे तिच्यासाठी एक शांत रात्र आहे. ती रात्र तिला घरातल्या घरात मिळू शकते. दोन चमचे तेल, वीस मिनिटं, आणि नवऱ्याचे किंवा लेकाचे हात. यात लाजण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

पुस्तकात शिरण्याआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्या, कारण त्यांच्यात चूक झाली तर माझ्यासारखा नुसता कोपर अडत नाही, जीव जातो. पडल्या-झडल्यानंतर सूज आली असेल तर आधी फोटो, मग काय ते. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली, तर त्याला हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतिणीला पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो, म्हणून न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत हवं. ताप असताना मालीश नको. आणि दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय आजच सोडा. त्या झटक्यानं मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. डोक्याची चंपी खुशाल करून घ्या, माने-खांद्यावर हातही फिरवू द्या, पण झटका नको म्हणून आधीच सांगा.

मावशी गेली तेव्हा मी बाहेरगावी होतो. शेवटच्या काही वर्षांत तिची दोन्ही मनगटं सुजलेली असायची, अंगठे वळत नव्हते. चाळीसेक वर्षं तिनं गावातली बाळं आणि बाळंतिणी चोळल्या होत्या. मोबदला म्हणून लुगडं, खण, पायलीभर ज्वारी. तिच्या मनगटांना कुणी तेल लावल्याचं मला आठवत नाही, मीही लावलं नाही. तुमच्या घरी आज जी बाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येते तिला पूर्ण मजुरी द्या, या पुस्तकातलं धोक्यांचं प्रकरण तिला वाचून दाखवा, आणि निघताना तिची मनगटं दुखतात का ते विचारा.